स्वतंत्र सर्व्हेयरचा धंदा आणि आपले तरुण

आपल्या संघाच्या सभासदांच्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार आमच्यापुढे येतो. मुलगा इंजिनियर झाला आहे किंवा सनदी लेखापालाची परीक्षा पुरी करीत आहे. पेढीच्या गादीवर त्याचे मन रमत नाही आणि नोकरीची ताबेदारीही त्याला नको आहे. तर त्याने विम्याच्या सर्व्हेयरचा परवाना काढून स्वतंत्र धंदा मांडावा काय? प्रश्न वरकरणी एका घराचा दिसतो. परंतु थोडा विचार केला असता ध्यानात येईल की, याच्याशी आपणां सर्वांचा दुहेरी संबंध आहे. आपला मुलगा सर्व्हेयर होवो अथवा न होवो, आपल्या वखारीला आग लागली किंवा दुकानात पुराचे पाणी शिरले म्हणजे कोणाचा तरी मुलगा सर्व्हेयर म्हणून आपल्या दाराशी येणारच. आणि तो कसा आहे, किती जाणता आहे, कोणाच्या दडपणाखाली आहे, यावर आपल्या पेढीचे पुढील दहा वर्षांचे भवितव्य पुष्कळदा ठरते. म्हणून या धंद्याचे काय होत आहे, हा विषय व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत अप्रस्तुत ठरू नये.

जोखीम दुसऱ्यावर सोपविण्याची कल्पना आपल्या बाजारास इंग्रजांनी शिकविली, हा समज बरोबर नाही. माळव्यात हुंडाभाड्याची पद्धत होती. मालाचे भाडे, वाटेतील जकाती आणि चोराचिलटांची धास्ती या तिन्हींचा एकच दर ठरवून सावकार माल मुक्कामावर पोहोचविण्याची हमी घेत असे. सर जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात तेथील विम्याच्या दरांचीही नोंद केलेली आढळते. इंदूर-उज्जैनकडील आपल्या सभासदांच्या पूर्वजांस हा व्यवहार नवा नव्हता. मात्र त्या काळी नुकसानीचा आकडा ठरविणारा तिऱ्हाईत वेगळा नसे. सावकार, अडते आणि बाजारातील दोन वजनदार माणसे बसत, माल पाहत आणि निवाडा करीत. निवाडा देणाऱ्याची अब्रू त्याच बाजारात अडकलेली असल्यामुळे तो फार वेडावाकडा होत नसे.

विमा मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला तेव्हा ही अब्रूची साखळी तुटली, आणि तिची जागा कायद्याला घ्यावी लागली. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन ६४-यूएम हे कलम आले. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेयरच्या अहवालाशिवाय कंपनीने सामान्यतः चुकता करू नये, असा त्याचा आशय होता. पुढे १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ च्या आरंभी शंभरावर लहानमोठ्या कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. तरी हे कलम टिकले. १९९९ चा नियामक कायदा झाला, खासगी कंपन्या पुन्हा बाजारात आल्या, तरीही ते टिकले. नियामक संस्थेचे मुख्यालय हैदराबादेस आहे आणि सर्व्हेयरांची जी भारतीय संस्था त्या नियामकाच्या प्रेरणेने स्थापन झाली तीही हैदराबादेसच आहे, ही गोष्ट तेथील आपल्या सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चौकशीला त्यांस दूर जावे लागणार नाही.

आता या धंद्यात प्रत्यक्ष काम काय चालते ते पाहू, कारण त्याविषयी आपल्या बांधवांत बरेच गैरसमज आहेत. सर्व्हेयर म्हणजे कॅमेरा घेऊन येणारा, चार फोटो काढून निम्मी रक्कम कापणारा गृहस्थ, अशी एक समजूत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांत महापूर आला त्या वेळचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पाणी ओसरल्यावर दुकानाचे दार उघडते. खालच्या थप्पीतील हळदीची पोती फुगून फाटलेली, मधली ओलसर, वरची कोरडी. गुळाच्या ढेपा विरघळून जमिनीला चिकटलेल्या. कापडाच्या ठाणांना चिखलाच्या रेषा. मालकाच्या मते सारा माल गेला. कंपनीच्या मते वरच्या तीन थरांना काही झाले नाही. सर्व्हेयरचे काम येथे सुरू होते. कोणते पोते वाळवून निदान कमी प्रतीत विकता येईल, कोणते फेकावे लागेल, ओल्या मालाला आज बाजारात काय भाव मिळेल, आणि आठ दिवस वाट पाहिली तर बुरशीने तोही भाव कसा जाईल, हे त्याला तेथल्या तेथे ओळखता आले पाहिजे. ज्याने आयुष्यात हळदीचा सौदा पाहिला नाही त्याला हे पुस्तकातून येत नाही. आपल्या घरातील मुलाला येथे जन्मजात फायदा आहे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

माल पाहून झाल्यावर वह्या येतात. नुकसानीच्या दिवशी दुकानात नेमका किती माल होता, हे कोणी मोजून ठेवलेले नसते. आरंभीचा साठा, त्यात खरेदी, त्यातून विक्री वजा, पण विक्री ही नफ्यासह असते, म्हणून मागील वर्षांचा नफ्याचा दर काढून ती खरेदी किमतीवर आणायची, आणि मग त्या दिवसाचा साठा निघतो. व्यापाऱ्याच्या मालाची भरपाई खरेदी किमतीवर होते, विक्रीच्या भावाने होत नाही, ही साधी गोष्टही पुष्कळांना दावा करतानाच प्रथम कळते. शिवाय जीएसटीचा एक पेच आहे. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट कायद्याने परत करावी लागते, आणि ती रक्कम नुकसानीत धरायची की नाही यावर वाद होतात. हा पेच ज्याला ठाऊक नाही तो सर्व्हेयर व्यापाऱ्याचे नुकसान करतो, आणि ज्या व्यापाऱ्याला ठाऊक नाही तो आपले आपणच करतो.

यानंतर सर्वांत कटु भाग येतो, सरासरीच्या कलमाचा. बाजारात त्याला ॲव्हरेज म्हणतात. दुकानात माल चाळीस लाखांचा आणि विमा तीस लाखांचा असेल, आणि आठ लाखांचा माल बुडाला, तर जुन्या साध्या हिशेबाने आठ लाख मिळत नाहीत. चाळिसास तीस या प्रमाणात सहा लाखच मिळतात. उरलेल्या भागाचा विमेदार आपणच, असा त्याचा अर्थ. हप्ता वाचवावा म्हणून विम्याची रक्कम कमी ठेवण्याची आपली जुनी खोड येथे अंगाशी येते आणि राग मात्र सर्व्हेयरवर निघतो. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ज्या दोन ठरावीक पॉलिसी आल्या, एक पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आणि दुसरी त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत, त्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिण्याची सोय आहे. ही सोय चांगलीच आहे. पण पंचवीस टक्के तुटीला ती पुरत नाही, हे वरील उदाहरणावरून दिसेलच.

आणि नुकसान किती, याच्याही आधी नुकसान कशाने, हा प्रश्न असतो. सरकीच्या पेंडीची रास आतल्या आत तापून पेटली, की विजेच्या तारेची ठिणगी पडली? अग्निविम्याच्या जुन्या सर्वसाधारण पॉलिसीत पहिल्या कारणाने त्याच मालाला लागलेली झळ वगळलेली असे, दुसरे कारण धरलेले असे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन ही बोट फुटली तेव्हा आगीचे नुकसान आणि स्फोटाचे नुकसान यांचा असाच गुंता झाला, आणि अखेर सरकारला वटहुकूम काढून भरपाईचा भार उचलावा लागला. असे प्रश्न सोडविणारा मनुष्य केवळ हिशेबनीस असून चालत नाही.

हा झाला धंद्याचा मूळ आत्मा. आता तो कसा बदलत आहे ते पाहावे, म्हणजे तरुणांना काय सांगायचे हे ठरविता येईल.

वीस हजारांची जी मर्यादा १९६८ च्या दुरुस्तीने घातली, ती पुढे जवळजवळ अर्धशतक तशीच राहिली. १९६८ साली वीस हजार ही मोठी रक्कम होती. त्या रकमेत बाजारपेठेत जागा येई. रुपया घसरत गेला तसतशी ही मर्यादा नकळत खाली येत गेली आणि मोटारीचा दरवाजा चेपला तरी परवानाधारक सर्व्हेयर लागू लागला. या धंद्याची जी भरभराट आपण मागच्या पिढीत पाहिली, तिचे पुष्कळसे श्रेय कर्तबगारीइतकेच महागाईलाही आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. २०१५ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, मर्यादा ठरविण्याचे काम नियामकाकडे गेले, आणि नियमांनी ती मोटारीसाठी पन्नास हजार व इतर विम्यांसाठी एक लाख केली. २०२० मध्ये महामारीच्या काळात ती काही काळापुरती आणखी वाढवून पंचाहत्तर हजार व दीड लाख करण्यात आली होती. मर्यादेखालचे नुकसान कंपनीने आपल्या नोकराकडून पाहून घ्यावे यास हरकत राहिली नाही. ज्या सर्व्हेयरचे घर दररोजच्या तीन-चार मोटारींवर चालत होते, त्याच्या चुलीखालचे लाकूड असे एकेक ओढले गेले.

याच सुमारास भ्रमणध्वनी आला. गाडीचा मालक आपणच फोटो पाठवितो, कंपनीतील मनुष्य पडद्यावर पाहून आकडा टाकतो, ठरलेल्या कारखान्यात रोकड न देता दुरुस्ती होते. अलीकडे तर फोटोवरून चेपलेला पत्रा ओळखून खर्चाचा अंदाज देणारी यंत्रप्रणालीही वापरात आली आहे. ती चुकत नाही असे नव्हे. परंतु दहा हजारांच्या दाव्यात ती जेवढी चुकेल तेवढे सोसणे कंपनीस सर्व्हेयरच्या शुल्कापेक्षा स्वस्त पडते. या युक्तिवादाला उत्तर नाही. म्हणून केवळ मोटारीच्या सर्व्हेवर आयुष्य काढण्याच्या विचाराने कोणी तरुण या धंद्यात पडत असेल, तर आम्ही त्यास निक्षून नको म्हणू.

शेतीच्या बाजूला तर सर्व्हेयरला वळसाच घालण्यात आला आहे. द्राक्ष, डाळिंब अशा फळबागांसाठी हवामानावर आधारलेला जो विमा आहे, त्यात बागेत जाऊन सहसा कोणी नुकसान मोजीत नाही. हवामान केंद्रावर पावसाचा वा तापमानाचा ठरलेला आकडा ओलांडला गेला की रक्कम देय होते. बागाईतदारास यात सोय आहे आणि अन्यायही आहे. आपल्या बागेवर मुसळधार पाऊस पडला, पण केंद्र आठ कोसांवर कोरडे राहिले, तर दाद कोणाकडे मागायची? मोजणारा मनुष्यच नसल्यामुळे भांडायलाही कोणी उरत नाही.

उलट मोठ्या नुकसानीत मनुष्याची गरज कमी झालेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यात व्यापारी वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी शेकडो दावे एकाच आठवड्यात येतात आणि जाणते सर्व्हेयर मिळत नाहीत. बाहेरगावचे, त्या बाजाराचा माल न ओळखणारे लोक आणावे लागतात. जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाने दाव्याची वर्दी मिळाल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेयर नेमावा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय करावा, अशी मुदत घातली. आपल्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पंधरा दिवसांत चाळीस दुकानांच्या वह्या तपासून प्रामाणिक अहवाल लिहावयाचा, तर त्या सर्व्हेयरच्या हाताखाली चार शिकलेली माणसे हवीत. एकट्याने सायकलवर फिरून करण्याचा हा धंदा राहिलेला नाही. पुढे यात टिकतील ती लहान लहान कार्यालये, ज्यांत एक इंजिनियर, एक लेखापाल आणि मालाची पारख असलेला एक वडीलधारा मनुष्य एकत्र बसेल. आपल्या समाजात एका घरातच हे तिघे सापडणे अशक्य नाही.

कामाची नवी क्षेत्रेही उघडत आहेत. शीतगृहे, सौरऊर्जेची केंद्रे, कारखान्यातील यंत्रे, बंदरातून येणारा माल, धंदा बंद पडल्यामुळे बुडालेल्या नफ्याचा विमा, संगणकातून झालेल्या चोरीचा विमा, या सर्वांत यंत्राने फोटो पाहून निकाल देणे शक्य नाही. बुडालेल्या नफ्याचा दावा हा तर निव्वळ वह्यांचा खेळ आहे. सनदी लेखापालाला त्याहून योग्य काम आम्हांस दुसरे दिसत नाही. गोव्याकडील सभासदांस मुरगाव बंदराच्या निमित्ताने समुद्री मालाच्या सर्व्हेची ओळख आहेच. मात्र येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. ही कामे मोठी असतात पण थोडी असतात, आणि कंपन्या ती मूठभर नामांकित कार्यालयांकडेच देतात. नव्या मुलाला पहिली पाचसात वर्षे त्यांची केवळ वाट पाहावी लागते. तेवढा काळ घरचा आधार नसेल तर तो मोटारीच्या कामाकडेच वळतो आणि तेथेच अडकतो.

येथवर धंद्याच्या नफ्यातोट्याचा विचार झाला. आता जो मुद्दा आम्हांस खरोखर महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळू. आपल्या सभांतून पुष्कळदा असे ऐकू येते की, सर्व्हेयर नाहीसा झाला तर बरेच झाले. तो कंपनीचा मनुष्य, कापाकापी करणारा. त्यापेक्षा यंत्राने आकडा काढावा, निदान यंत्राला लाच लागत नाही. या मताशी आम्ही सहमत नाही. यंत्र कंपनीचे, त्यात भरलेले भाव कंपनीचे, आणि ते चालविणारा नोकरही कंपनीचाच. सर्व्हेयर कसाही असला तरी त्याच्या नावावर परवाना असतो, त्याची सही अहवालावर असते, त्याला ग्राहक आयोगापुढे उलटतपासणीस उभे करता येते आणि त्याच्याविरुद्ध नियामकाकडे तक्रार करता येते. पडद्यावर उमटलेल्या आकड्याची उलटतपासणी कशी करणार?

सर्वोच्च न्यायालयानेही या माणसाला योग्य ते स्थान दिले आहे, कमीही नाही आणि जास्तही नाही. त्याचा अहवाल हा महत्त्वाचा कागद आहे, तो बाजूस सारून चालणार नाही, असे न्यायालय म्हणते; त्याच वेळी तो शेवटचा शब्द नव्हे, पुरावा असेल तर त्यापासून दूर जाता येते, असेही २००९ च्या प्रदीपकुमार खटल्यात सांगितले आहे. त्याच वर्षीच्या व्यंकटेश्वर सिंडिकेटच्या खटल्यात आणखी एक उपयुक्त तत्त्व आले. पहिल्या सर्व्हेयरचा अहवाल न पटल्यास कंपनीला दुसरा नेमता येतो, पण त्याची कारणे द्यावी लागतात. आपल्याला हवा तो आकडा मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेयर नेमीत राहता येत नाही. ज्या सभासदांच्या दाव्यात दुसरा सर्व्हेयर येऊन पहिल्याचा आकडा अर्ध्यावर आणून गेला, त्यांनी हे दोन निवाडे आपल्या वकिलास अवश्य दाखवावेत.

असे असूनही सर्व्हेयरविषयी बाजारात जो अविश्वास आहे तो अगदीच निराधार नाही. आमच्या माहितीतील एका कापड दुकानदाराकडे पुरानंतर आलेल्या सर्व्हेयरने पहिल्या दिवशी तोंडी सांगितलेली रक्कम आणि लेखी अहवालातील रक्कम यांत इतके अंतर पडले की, मधल्या काळात कोणाशी तरी बोलणे झाले असावे असा संशय कोणासही यावा. मुळातच त्याला नेमते कंपनी, शुल्क देते कंपनी, पुढचे काम द्यायचे की नाही हे ठरवितेही कंपनी. कायदा त्याला स्वतंत्र म्हणतो, पण स्वतंत्र मनुष्याचे मीठ एकाच घरचे असेल तर त्याचे स्वातंत्र्य किती टिकेल? दोन-तीन अहवाल कंपनीच्या मनाविरुद्ध गेले की कामे आपोआप थांबतात; कोणी काढून टाकीत नाही, नुसती घंटी वाजत नाही. लहान दावे कंपन्यांनी आपल्याकडे घेतल्यामुळे ही अडचण अधिकच वाढली आहे. पूर्वी पाच कंपन्यांची किरकोळ कामे असलेला सर्व्हेयर एखाद्या कंपनीस नाही म्हणू शकत असे. आता ज्याच्या हाती दोनच मोठी कामे आहेत, त्याला नाही म्हणणे परवडत नाही. धंद्याच्या आकुंचनाचा हा परिणाम कोणी फारसा बोलून दाखवीत नाही, पण आपल्या दृष्टीने तोच सर्वांत घातक आहे.

याला उपाय म्हणून आमच्या संघाने नियामकाकडे मागणी करावी असे आम्ही सुचवितो. ठरावीक रकमेवरील दाव्यात सर्व्हेयरची नेमणूक कंपनीच्या मर्जीवर न ठेवता त्या त्या विभागातील परवानाधारकांच्या यादीतून क्रमाने व्हावी, आणि शुल्काचा दर आधीच जाहीर असावा. बँकांच्या लेखापरीक्षकांच्या बाबतीत नेमणुकीची यादी बाहेरून तयार होण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. विम्यातच ती अशक्य का मानावी? कंपन्या म्हणतील की, क्रमाने आलेला मनुष्य अनाडी निघाला तर आमचे नुकसान होईल. तर तो आपल्या बाजूसही अनाडी निघू शकतो. दोन्ही पक्षांना सारखाच धोका असेल तेथेच निवाडा बरा होतो.

दुसरी सूचना संघाच्या स्वतःच्या हातातील आहे. परदेशांत विमेदाराच्या बाजूने दावा तयार करून देणारे वेगळे व्यावसायिक असतात. अमेरिकेत त्यांना बहुतेक राज्यांत वेगळा परवानाही लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र वर्ग कायद्याने उभा केलेला नाही. पण जाणत्या माणसाकडून आपला दावा तयार करून घेण्यास कोणाची मनाई नाही. निवृत्त सर्व्हेयर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी आणि आपले लेखापाल यांची एक लहानशी समिती संघाच्या कार्यालयात बसविली, तर नुकसानीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत काय करावे, कोणता माल हलवू नये, कोणते कागद काढून ठेवावे, हे सभासदांस सांगता येईल. पावसाळ्यापूर्वी साठ्याची नोंद आणि खरेदीची बिले दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी, निदान संगणकावर दूर ठेवावी, एवढे जरी सर्वांनी केले तरी निम्मे वाद मिटतील. २०१९ च्या पुरात मालाबरोबर वह्याही गेल्या, म्हणून कित्येकांचे दावे रेंगाळले, हे आपण विसरू नये.

आता पुन्हा त्या तरुणाकडे. परवान्यासाठी अभियांत्रिकी, लेखापालन इत्यादींपैकी योग्य ती पदवी लागते, नियामकाने मान्य केलेली परीक्षा उतरावी लागते आणि एखाद्या परवानाधारकाकडे साधारण वर्षभर उमेदवारी करावी लागते. आग, समुद्री माल, अभियांत्रिकी, मोटार, नफ्याची हानी असे विभाग वेगळे असतात आणि ज्या विभागात उमेदवारी केली त्यातच पुढे काम मिळते. म्हणून परीक्षेचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी उमेदवारी कोणाकडे करायची हे ठरविणे अधिक महत्त्वाचे आहे. गावात सोयीचा म्हणून मोटारीच्या सर्व्हेयरकडे वर्ष काढू नये. आगीचे आणि यंत्रांचे काम करणारे कार्यालय पुणे, हैदराबाद, बडोदे किंवा इंदुरास शोधावे, भोजन-निवासापुरते विद्यावेतन मिळाले तरी चालेल असे मानावे, आणि त्या वर्षात निदान दोनतीन मोठ्या दाव्यांत पहिल्या दिवसापासून अहवालापर्यंत सोबत राहायला मिळेल काय, हे त्या कार्यालयास आधीच विचारून घ्यावे. आपल्या मुलींनीही याचा विचार करावा. वह्यांच्या बाजूचे काम बसून करण्याचे आहे आणि ते त्या उत्तम करतील. घरच्यांनी पहिल्या पाच वर्षांच्या मिळकतीकडे पाहू नये, आणि पाहावयाचेच असेल तर मुलास सरळ पेढीवर बसवावे.